भास्कराचार्य

सह्याद्रीच्या आश्रयास वसलेल्या विज्जडविड या गावी महेश्वर नावाचे विद्वान ज्योतिषी राहत असत. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली, त्यांना पुत्र झाला. तेच पुढे भास्कराचार्य म्हणून विख्यात झाले. वडिलांपाशीच त्यांनी गणित व ज्योतिष यांचे अध्ययन केले आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग होय.

लीलावतीत आकृतींचा विचार आहे. आकृतीला त्या काळी क्षेत्र म्हणत. बाजूंची मापे सांगितली म्हणजे क्षेत्र तयार झाले, असे पुष्कळांस वाटे. भास्कराचार्यांनी ३, ६ व ९ अशा बाजूंच्या त्रिकोणाचे उदाहरण घेतले. त्या मापांच्या सरळ काड्या मांडून पाहाव्या, असे त्यांनी सुचविले. तीन व सहा मापांच्या काड्या नऊच्या काडीवरच पडून राहतात. मध्ये जागाच उरत नाही. एक बाजू इतर बाजूंच्या बेरजेएवढी किंवा तिच्याहून मोठी असेल, तर ते क्षेत्रच नव्हे, असा त्यांनी निर्णय दिला.

त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो. चौकोनाचे तसे नाही. चार काड्यांची चौकट बांधून तिचे समोरासमोरचे कोपरे दाबले, तर ती कलते. बाजू त्याच राहतात, पण ते कोपरे जोडणाऱ्या रेषा, म्हणजे कर्ण, बदलतात. चारही बाजू २५ असून कर्ण समान असतील, तर तो चौरस होय. त्याचे क्षेत्रफळ ६२५. त्याच बाजूंत एक कर्ण ३० घेतला, तर दुसरा ४० होतो व क्षेत्रफळ ६०० भरते. एक कर्ण १४ घेतला, तर दुसरा ४८ होतो आणि क्षेत्रफळ अवघे ३३६ उरते! केवळ बांध मोजून शेताचा आकार घेणारा मनुष्य किती फसेल बरे!

चार बाजूंवरूनच क्षेत्रफळ काढण्याची रीत पूर्वीच्या ग्रंथांत होती. थोर गणिती ब्रह्मगुप्त यांनीही ती दिली होती. त्यांच्याविषयी भास्कराचार्यांना मोठा आदर होता. तथापि चौकोनाच्या बाबतीत ही रीत नेमकी नाही, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले. चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतील तेव्हाच ती अचूक ठरते, हे आज आपण जाणतो. कर्ण किंवा लंब न सांगता नेमके क्षेत्रफळ विचारणाऱ्यास त्यांनी पिशाच म्हटले आणि उत्तर देणाऱ्यास त्याहूनही मोठे पिशाच ठरविले!

भास्कराचार्य अखेरपर्यंत विद्येत रमले. एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. पुत्र लक्ष्मीधर व नातू चांगदेव यांनी त्यांची विद्या पुढे चालविली. चांगदेव हे यादवराजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांनी खानदेशात पाटण येथे मठ स्थापन केला. इ. स. १२०७ मध्ये सोइदेव नावाच्या सामंताने त्या मठास दान दिले. ही हकीकत तेथील देवीच्या मंदिरातील शिलालेखात कोरलेली असून तिचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. वरणगावहून भुसावळ, जळगाव, पाचोरा असा रेल्वेने प्रवास करीत चाळीसगावी उतरले, म्हणजे हे पाटण फारसे दूर नाही.

वडीलधाऱ्यांचा मान राखावा, पण त्यांची रीतही पारखून घ्यावी, हा धडा या थोर आचार्यांनी आपल्या ग्रंथातून घालून दिला आहे.