सावित्रीबाईंचे उघडे दार

सावित्रीबाई फुले म्हटले की १८४८ ची पुण्यातील मुलींची शाळा आणि अंगावर झेललेले शेणगोळे आपल्याला आठवतात. त्यांचे दुसरे एक कार्य मात्र थोडे मागेच राहिले आहे.

पुण्यात जोतिरावांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसविले. लोकलाजेने तिने जन्मलेल्या अर्भकाचा जीव घेतला व ते विहिरीत टाकले. तिला जन्मठेप होऊन अंदमानला धाडण्यात आले. फसविणारा मोकळाच राहिला! आपल्या मंगरूळपिरातही एखादीवर असा प्रसंग गुदरला, तर आधी चर्चा होते ती तिच्याच वागण्याची, हे आपण जाणतोच.

१८६३ साली फुले दांपत्याने आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे वा ठेवून जावे, अशा जाहिराती त्यांनी लावल्या. आलेल्यांची बाळंतपणे व बाळांची जोपासना सावित्रीबाई पाहत. १८८४ पर्यंत ३५ जणी आल्या. त्यांची पाचच मुले जगली. बाकीची गर्भ लपविण्यासाठी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी दगावली. दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्या बायांनी काय सोसले असेल!

१८६८ च्या ऑगस्टमध्ये सावित्रीबाई माहेरी, नायगावला होत्या. पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण व त्याच्यापासून गरोदर राहिलेली सारजा ही महार मुलगी यांना गावकरी ठार मारायला निघाले होते. बाई धावत गेल्या. इंग्रजी कायद्याने खुनाचे काय होते ते त्यांनी जमावाला सुनावले. गाव सोडण्याच्या अटीवर दोघांचे प्राण वाचले. बाईंनी त्यांना जोतिरावांकडे पाठविले. नुसते सोडवून त्या थांबल्या नाहीत, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आज महाराष्ट्रात अत्याचारग्रस्त स्त्रिया व बालकांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तरी पहिले पाऊल पडते ते शेजारणीच्या दारातच.

पोटी मूल नसलेल्या सावित्रीबाईंनी १८७४ साली या गृहात आलेल्या एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोगी आणून पोहोचवीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्या गेल्या.