सत्तरीनंतरचे 'गॅप इयर'



आपल्या वर्गातल्या मोठ्या मुलांच्या तोंडी हल्ली 'गॅप इयर' हा शब्द वरचेवर असतो. शाळा संपली की कॉलेजात जाण्याआधी वर्षभर परक्या देशात राहायचे, हिंडायचे, चार माणसे पाहायची. मुलांना यात गंमत वाटते, आणि आम्हा पालकांच्या पोटात गोळा येतो. वर्ष वाया गेले तर? अभ्यासाची सवय मोडली तर? याच विषयावर बोलताना आम्हाला महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णासाहेब कर्वे, यांची आठवण झाली. अण्णा वर्षभरासाठी परदेशी निघाले तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती!

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरुड गावी गेले. घरची गरिबी होती. सतरा वर्षांचे असताना एका परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्याला शंभराहून अधिक मैल डोंगर ओलांडत पायी गेले. अण्णा दिसायला लहानखुरे. परीक्षकांना त्यांचे वय खरे वाटेना, आणि त्यांना परीक्षेला न बसताच परतावे लागले. मॅट्रिक झाले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. म्हणजे वर्षे 'वाया जाणे' त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. तरीही १८८४ साली ते बी. ए. झाले, आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्यांनी एका विधवेशी, गोदूबाईंशी, लग्न केले. मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. अण्णा कुणाशी भांडले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. कॉलेजातले शिकवणे संपवून, चिखल तुडवत ते हिंगण्याला चालत जात.

पुढे टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. जपानमध्ये हे होते, तर आपल्याकडे का नाही? डिसेंबर १९१५ मध्ये सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी हाच विचार मांडला, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे असे ठरले. दर शनिवार-रविवारी मराठी शिकायला येणाऱ्या मुलांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. तेच आजचे एस. एन. डी. टी. विद्यापीठ.

आता त्या प्रवासाकडे वळू. पण त्याआधी घरातली एक गोष्ट सांगायला हवी. १९२८ साली अण्णांची सून इरावतीबाई उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निघाल्या. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या अण्णांचा या जाण्याला मात्र विरोध होता. मुलगा दिनकर पत्नीच्या पाठीशी उभा राहिला आणि त्या गेल्या. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या इरावतीबाई पुढे थोर मानववंशशास्त्रज्ञ आणि 'युगान्त'च्या लेखिका म्हणून नावाजल्या. आपले माणूस दूर जायला निघाले की भल्याभल्यांचा पाय अडखळतो, हे आम्हा पालकांना यातून कळते.

आणि काही महिन्यांतच, मार्च १९२९ मध्ये, अण्णा स्वतः बोटीने इंग्लंडला निघाले. आपल्या विद्यापीठाची माहिती जगाला द्यावी, मदत मिळवावी आणि इतर देश कसे शिकवतात ते पाहावे, हा हेतू होता. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नला प्राथमिक शिक्षकांची परिषद होती. तिथे हे विद्यापीठाचे संस्थापक हजर राहिले. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ते भारतातील स्त्रीशिक्षणावर बोलले. जुलैअखेर जिनिव्हा, ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधील एल्सिनोर, अशा शिक्षण परिषदा त्यांनी केल्या. या प्रवासात गणिताच्या या जुन्या प्राध्यापकाची आइन्स्टाइन यांच्याशीही भेट झाली. मग अमेरिकेत त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली आणि तिथून ते जपानला गेले. ज्या विद्यापीठाबद्दल त्यांनी केवळ पुस्तिकेत वाचले होते, ते टोकियोचे महिला विद्यापीठ आता त्यांनी डोळ्यांनी पाहिले. एप्रिल १९३० मध्ये ते मायदेशी परतले. साधारण तेरा महिने झाले होते, आणि वय बहात्तर.

आता तरी अण्णा विसावा घेतील असे कुणालाही वाटले असते. पण त्याच वर्षी डिसेंबरात ते आफ्रिकेला निघाले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजीबार, दक्षिण आफ्रिका असे पंधरा महिने फिरून आपल्या कार्याची माहिती तिथल्या लोकांना दिली. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी आणखी एक नवे काम अंगावर घेतले. ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले आणि त्यात स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनीतूनही पैसे घातले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

मुलांनो, परदेशातले वर्ष कामी लागते की वाया जाते, हे कॅलेंडर पाहून ठरत नाही. अण्णा जाताना एक काम बरोबर घेऊन गेले, जिथे गेले तिथे ऐकायला बसले, आणि परत आल्यावर पुन्हा कामाला लागले. तुम्हीही जाण्याआधी काय पाहायचे आणि काय शिकायचे ते एका कागदावर लिहा आणि आई-बाबांना दाखवा. पालकहो, तो कागद आपण शांतपणे वाचू. आणि त्यानंतरही मन कचरलेच, तर इरावतीबाईंची गोष्ट आठवू.