अर्धा टक्का कार्बोलिक

आमच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये बेडकाच्या बरणीचं झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी येतं. फॉर्मॅलिन. जंतू मारायचे आणि मांस कुजू द्यायचं नाही, अशी दोन्ही कामं ते करतं. त्याच्या आधी जंतू मारायला घरोघरी आणि दवाखान्यात माहीत होतं ते कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फिनॉल. त्याच्या अर्ध्या टक्क्यापायी एका माणसाचं नाव बुडायची वेळ आली होती.

वाल्देमार हाफकिन. जन्म 1860, ओडेसा. डॉक्टर नव्हेत, आमच्यासारखेच प्राणिशास्त्राचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कॉलऱ्याची लस केली, ती 1892 मध्ये आधी स्वतःला टोचली, आणि पुढच्या वर्षी भारतात आले. 1896 ला मुंबईत प्लेग शिरला. आमच्या कडगंचीकडे आजी सांगायची, घरात उंदीर पडला की माणसं गाव सोडून रानात खोपी घालून राहायची. तोच हा काळ असावा, किंवा त्याच्या थोडा पुढचा.

हाफकिनांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस करायला घेतली. मांसाच्या रश्श्यावर तूप तरंगत ठेवायचे. त्या तुपाला खालून प्लेगचे जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत! मग ते उष्णतेनं मारायचे आणि वर अर्धा टक्का कार्बोलिक घालायचं, म्हणजे नंतर दुसरा जंतू वाढू नये. 10 जानेवारी 1897 ला ही लसही त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली.

1902 मध्ये पंजाबातून मागणी फार वाढली. हाफकिनांनी पद्धत बदलली, कार्बोलिक वगळलं. नुसती उष्णता पुरते, पाश्चर संस्थेतही तसंच करत. 30 ऑक्टोबरला मुल्कोवाल गावात 107 जणांना लस दिली. त्यातले 19 जण धनुर्वातानं गेले. सगळे एकाच बाटलीतले.

ठपका कार्बोलिक वगळण्यावर आला. हाफकिन पदावरून गेले. पण त्या बाटलीचं बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि मदतनिसानं तो ज्योतीवर न धरता कार्बोलिकमध्ये नुसता विसळून वापरला होता. धनुर्वाताचे बीजाणू तेवढ्यानं मरत नाहीत. हे पटवायला वर्षं गेली. रोनाल्ड रॉससारखे लोक बाजूनं उभे राहिले, तेव्हा कुठे 1907 मध्ये दोषमुक्ती मिळाली. मुंबईची प्रयोगशाळा मात्र परत मिळाली नाही, कलकत्त्याला पाठवलं. मला यातच खरा अन्याय दिसतो.

1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं. 1930 ला ते लोझानमध्ये वारले. त्याच सुमाराला पाश्चर संस्थेच्या गास्ताँ रामोंनी जंतूंच्या विषात फॉर्मॅलिन घालून, कोमट ठेवून, ते निरुपद्रवी करायची रीत बसवली. धनुर्वाताची लस तशीच होते. मागच्या पावसाळ्यात पायात खिळा घुसला तेव्हा मला दिलं ते टीटीचं इंजेक्शन त्यातलंच.