टेंबे स्वामी महाराजांचे व्याकरण आणि आम्ही

घोरकष्टोद्धारण स्तोत्र मला कधीपासून पाठ आहे ते सांगता येणार नाही. घरी तिन्हीसांजेला दिवा लागला की आम्ही मुले पाढे म्हणावेत तसे ते एका दमात म्हणून मोकळी व्हायचो. पन्नाशी उलटेपर्यंत मी ‘दुद्धरा’ हा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ फार कठीण असा काहीतरी असावा, असे धरून चाललो होतो. लिहिताना लाज वाटते, पण हा अंक वाचणाऱ्यांत माझे सोबती निघतीलच.

स्तोत्र रचणारे प. पू. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी महाराज, सावंतवाडीकडच्या माणगावचे. जन्म १३ ऑगस्ट १८५४. आजोबा हरिभट यांच्यापाशी वेदाध्ययन झाले. १८८३ साली त्यांनी माणगावात दत्तमंदिर उभे केले आणि सात वर्षांनी सगळे तिथेच ठेवून बाहेर पडले. १८९१ मध्ये गंगाखेडला पत्नी अन्नपूर्णाबाई गेल्या. चाळिशीही आली नव्हती. चौदाव्या दिवशी महाराजांनी संन्यास घेतला. पुढे २३ चातुर्मास झाले, प्रवास सगळा पायी. या पायपिटीत एवढे ग्रंथ लिहायला बैठक कुठे मिळाली असेल, याचेच मला नवल वाटते.

मराठीतल्या सप्तशती गुरुचरित्रसाराचेच पाहा. ओवी हा तसा मोकळा छंद. गणांचा जाच नाही. तीन चरणांना यमक, चौथा सुटा. पण महाराजांनी स्वतःला वेगळेच बंधन घालून घेतले. प्रत्येक ओवीचे तिसरे अक्षर ओळीने वाचत गेले की गीतेचा पंधरावा अध्याय उभा राहतो! त्या अध्यायात श्लोक २०. त्यांतले १५ अनुष्टुभ, ३२ अक्षरांचे. उरलेले ५ लांब चरणांचे, साधारण ४४ अक्षरांचे. बेरीज करा, सातशेच्या आसपासच येते. अशा रचनेला मंत्रगर्भ म्हणतात. वाचणाऱ्या आजीबाईला मात्र याचा पत्ताही लागत नाही, कथा सरळ पुढे जाते.

घोरकष्टोद्धारण १९११ च्या चातुर्मासातले, कृष्णेच्या पात्रातल्या कुरवपूरचे. श्लोक पाच, वृत्त शालिनी. ओळीत ११ अक्षरे, गण म त त आणि शेवटी दोन गुरू. चौथ्या अक्षरावर यती, म्हणजे विसावा. पहिली पाच अक्षरे सलग गुरू असल्यामुळे ओळ संथच सुरू करावी लागते. घाई केली की जीभ अडखळते.

आणि माझी चूक इथेच होती. शेवटची ओळ पाचही श्लोकांत तीच आहे. तिच्यात ‘कष्टात्’ आणि ‘उद्धर’ यांचा व्यंजनसंधी होऊन त् चा द् झाला आहे. विसावा नेमका त्या सांध्यावर पडतो आणि द् पुढच्या तुकड्यात जातो. झाला माझा ‘दुद्धरा’ तयार! हे मला आमच्या मंदिरात येणाऱ्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी पारावर बसून फोड करून दाखवले. कष्टात् ही पंचमी, ज्यातून बाहेर पडायचे ते. उद्धर हा आज्ञार्थ, वर काढ. मग ते म्हणाले की ‘अस्मान्’ हे द्वितीयेचे अनेकवचन आहे, म्हणजे आम्हांला.

मी गप्पच झालो. आदल्या वर्षी हिला दवाखान्यात ठेवले होते, तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी रात्रभर हेच स्तोत्र म्हणत होतो. मनात एकच, माझी बायको वाचू दे. शेजारी एक तरुण मुलगी बापासाठी बसली होती. तिला चहा घेतेस का एवढेही मी विचारले नाही. जे संन्यासी झाले, ज्यांना घर उरले नव्हते, त्यांनी ‘मला’ लिहिले नाही. आणि मी मात्र ‘आम्हांला’ म्हणत म्हणत स्वतःपुरतेच मागत होतो. त्या मुलीचे वडील सकाळी कसे होते, तेही मला ठाऊक नाही.

महाराज २४ जून १९१४ रोजी नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले.

ही बरी होऊन घरी आली. आता आम्ही दोघे रोज म्हणतो. मी सवयीने पळायला लागलो की ही स्वयंपाकघरातून चौथ्या अक्षराला ताटलीवर चमचा वाजवते.