अप्पा दांडेकर आणि आमची राजमाची

गो. नी. दांडेकर हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना मराठीच्या अभ्यासक्रमापुरतेच ठाऊक असते. वास्तविक हा लेखक आपला शेजारी. आकुर्डीहून लोणावळा लोकल पकडली की तळेगाव हे चौथे स्थानक. तेथे अप्पांनी आयुष्याचा मोठा काळ काढला आणि तेथूनच ते पाठीवर पिशवी टाकून गडांकडे निघत. निगडीतील एका युवक मंडळाच्या मुलामुलींना राजमाचीच्या मुक्कामी सहलीसाठी तयार करण्याचे काम गेल्या महिन्यात माझ्याकडे आले, तेव्हा मला प्रथम आठवण झाली ती त्यांचीच.

मुले चोवीस. वय तेरा ते सतरा. बहुतेकांचे वडील भोसरी नाहीतर चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे. मंडळातील काही थोरांचे म्हणणे असे की, तयारी कसली करावयाची? भेंड्या, शेकोटी, एक मोठा स्पीकर, झाले! उलट पालकांच्या बैठकीत एका मावशींनी सरळच विचारले की, आमची पोरगी दोन दिवस रानात राहणार, ती परत कशी येईल याची हमी कोण घेणार? मला थोरांच्या उत्साहापेक्षा मावशींचा प्रश्न मोलाचा वाटला. त्याचे उत्तर शोधता शोधताच मी अप्पांचे चरित्र उघडले.

गोपाळ नीळकंठ दांडेकर यांचा जन्म 8 जुलै 1916 चा, विदर्भातील परतवाड्याचा. स्वातंत्र्याच्या चळवळीची हाक ऐकून हा मुलगा तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा टाकून घराबाहेर पडला. आमच्या मंडळातल्या धाकट्या मुलांच्याच वयाचा! हे सांगितल्यावर मुलांचे डोळे चमकले आणि पालक अस्वस्थ झाले. मग मी लगेच पुढचे सांगितले. बाहेर पडणे सोपे असते. त्यानंतर त्या मुलाने उपासमार काढली, मिळेल तेथे आसरा घेतला आणि माणसे वाचावयास शिकला. त्या भटकंतीची कहाणी त्यांनी 'स्मरणगाथा'त मांडली असून तिला 1976 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पळून जाण्याचे कौतुक त्या पुस्तकात नाही, सोसण्याचा हिशेब आहे. मुलांना मी तेवढा भाग मुद्दाम वाचावयास लावला.

या भटकंतीत त्यांना गाडगे महाराज भेटले. महाराजांच्या सहवासात काही काळ राहून अप्पांनी त्यांचे काम केले. आमच्या तयारीचा पहिला कार्यक्रम यावरूनच ठरला. एका रविवारी सकाळी चोवीस जणांनी मंडळापुढची गल्ली आणि मागचा नाला झाडून काढला. गडावर जाऊन कचरा उचलण्याच्या गोष्टी पुष्कळ जण करतात. आधी आपल्या दारचा उचलावा, एवढाच माझा हट्ट होता. दोन मुलांनी नाके मुरडली. तीही शेवटी खराटा घेऊन उतरली.

पुढे अप्पांनी नर्मदेची परिक्रमा पायी केली. नदीच्या काठाकाठाने, मागून आणलेल्या अन्नावर, शेकडो कोस चालत जाणे म्हणजे काय, याची कल्पना दुचाकीवरून कोपऱ्यावरच्या दुकानात जाणाऱ्या आपल्या पिढीला येणार नाही. त्या अनुभवातून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' हे पुस्तक जन्मले. त्यावरून दुसरा कार्यक्रम सुचला तो ओझ्याचा. प्रत्येकाने आपली सॅक घरून भरून आणावयाची आणि ती पाठीवर घेऊन घोरावडेश्वराची टेकडी चढावयाची. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून राजमाचीपर्यंतची चाल सुमारे 15 किलोमीटरची आहे. टेकडीच्या निम्म्या वाटेवरच कोणाला जीनची जादा विजार जड झाली, तर कोणाला केसांचे यंत्र. खाली आल्यावर सामानाचे तीन ढीग केले: लागणारे, चौघांत एक पुरेल असे, आणि घरी राहणारे. तिसरा ढीग सर्वांत मोठा झाला. पाण्याच्या बाटल्या, शिट्टी, विजेरी, मलमपट्टी मात्र वाढली. चालताना पुढे कोण, मागे कोण, दर विश्रांतीला मोजणी कोणी करावयाची, हे त्याच दिवशी ठरले. मावशींना मी ती यादी नेऊन दाखविली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मुलीच्या नावापुढे आपला फोन क्रमांक लिहून दिला.

1947 च्या सुमारास अप्पांनी तळेगावास बिऱ्हाड केले आणि लेखणीवर संसार चालविण्याचा निश्चय केला. मराठीत केवळ लिहून जगणे तेव्हाही सोपे नव्हते. या माणसाने कोकण पाहिले आणि 'शितू', 'पडघवली' लिहिली. भाक्रा-नांगल धरणाचे काम पाहिले आणि 'आम्ही भगीरथाचे पुत्र' लिहिली. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरांवर 'जैत रे जैत' लिहिली, जिच्यावरचा चित्रपट 1977 साली आला. 1981 साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. पण माझ्या मते अप्पा खरे ओळखावेत ते गडांवर. त्यांनी गड पुन्हा पुन्हा पायाखाली घातले, त्यांची छायाचित्रे काढली, तरुणांना बरोबर नेले आणि गडाखालच्या माणसांना आपल्या कादंबऱ्यांत मानाने बसविले.

'माचीवरला बुधा' ही तर थेट राजमाचीचीच कादंबरी. मुंबईचा संसार मागे ठेवून एक म्हातारा माचीवर परततो आणि झाडांपाखरांत रमतो. कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलांना ती कळेल का, अशी मला शंका होती. अप्पांना स्वतःच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखविण्याची आवड होती, म्हणून आम्हीही रोज सायंकाळी अर्धा तास पाळीपाळीने वाचन ठेवले. तिसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला की, आमचे आजोबाही असेच गावी निघून गेले. नंतर वाचनास कोणाला बोलवावे लागले नाही. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, उधेवाडी, उदयसागर तलाव यांचा नकाशा मुलांनी खडूने मंडळाच्या फरशीवर काढला आहे. स्पीकरचा विषय मग कोणी काढलाच नाही.

1 जून 1998 रोजी पुण्यात अप्पांचे निधन झाले. त्यांच्या 'पवनाकाठचा धोंडी'त तुंग गड आणि पवन मावळ आहे. आपण पिंपरी-चिंचवडकर ज्या पवनेचे पाणी पितो, तिच्यावर पुढे धरण झाले आणि त्या खोऱ्यातील कित्येकांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. हे मी सांगत असता एक मुलगी हळूच म्हणाली की, तिची आजी त्याच खोऱ्यातली आहे. दुसऱ्या दिवशी मी आजींना भेटावयास गेलो. अनोळखी माणसांपुढे काय बोलावयाचे, म्हणून त्यांनी आधी नकार दिला. मग नात शेजारी बसणार असेल तर येईन, म्हणाल्या. निघण्याच्या आदल्या शनिवारी वाचनाऐवजी आजींचे बोलणे ठेवले आहे. मंडळाच्या फळ्यावर तसे लिहून झाले असून वेळ सहाची आहे.