भुकेल्यांची माऊली : पंडिता रमाबाई

शेंदूरजनाघाटच्या उत्तरेस सातपुडा ओलांडला की पूर्वी मध्य प्रांत लागे. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळात पंडिता रमाबाई त्या प्रांतात गेल्या. उपासमार त्यांना नवी नव्हती. १८७४ च्या सुमारास, ऐन सोळाव्या वर्षी, त्यांनी अन्नान्नदशेत आईवडील गमावले होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या कॅथलिक नव्हत्या, तरी त्यांचे चरित्र आपल्या घराघरांत वाचले जावे असेच आहे.

दुष्काळी भागातून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. म्हणून दौंडजवळील केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. तेच पुढे मुक्ती सदन झाले. तेथे कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. १९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही केडगावीच प्रभूच्या ठायी विसावल्या.