हृदयाच्या इंधनाचा शोधक

हृदय बंद पडून ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघ्या ५३ वर्षांचे होते. हृदयाचे स्नायू ज्या इंधनावर अहोरात्र चालतात, ते 'एटीपी' शोधून काढणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

१२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे सुब्बारावांचा जन्म झाला. त्यांचे दोन भाऊ आतड्याच्या 'स्प्रू' या विकाराने दगावले. मद्रासमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेताना खादी वापरल्याने प्राध्यापकांची नाराजी ओढवली आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस ही दुय्यम पात्रता पदरी पडली. पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्क यांच्यासमवेत त्यांनी १९२५ मध्ये फॉस्फरस मोजण्याची पद्धत सिद्ध केली. तिच्याच आधारे १९२७ मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी हाती लागले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही स्वतंत्रपणे एटीपी शोधले.

एवढे होऊनही हार्वर्डमध्ये कायमचे पद मिळाले नाही. १९४० मध्ये सुब्बाराव लेडर्ले प्रयोगशाळेत गेले. फॉलिक आम्लाची निर्मिती, हत्तीरोगावरील हेट्राझान, रक्ताच्या कर्करोगावरील पहिल्या औषधांपैकी एक, ही तेथील त्यांच्या चमूची कामगिरी.

हृदयविकाराच्या झटक्यात एटीपीचे मोल कळते. धमनी तुंबली की स्नायूंचा प्राणवायू तुटतो. आधी फॉस्फोक्रिएटिनचा साठा ओसरतो, मग एटीपी घटू लागते. इजा झालेल्या पेशींतून ते रक्तात झिरपते. मात्र तेथे ते फार काळ टिकत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील विकरे त्याचे क्रमाक्रमाने एडीपी, एएमपी आणि अडेनोसिन असे विघटन करतात. एडीपी प्लेटलेट्सना एकत्र आणून रक्ताची गुठळी वाढवते. अडेनोसिन मात्र वाहिन्या रुंदावते आणि गुठळीला आवर घालते. मारक आणि तारक, दोन्ही द्रव्ये एकाच साखळीतून निपजतात.

एडीपीचा हा संदेश प्लेटलेट्सपर्यंत पोहोचू न देणारे क्लोपिडोग्रेल हे औषध आज असंख्य हृदयरुग्ण घेतात. त्याला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. सुब्बाराव गेल्याला तेव्हा ४९ वर्षे लोटली होती.